दत्तारामाचा चिनी संकासूर

दत्ताराम पालव बोलायला लागला की रास तनुऱ्याच्या आमच्या कॅम्पात चहा पिणारे चहा विसरायचे, आणि त्याच माणसाला कंपनीने काम दिलं होतं ते मुक्याचं. याहून मोठा गाढवपणा मी सौदीत पाहिला नाही. आणि स्टोअरकीपर असल्यामुळे मला तिथे गाढवपणा भरपूर पाहायला मिळाला.

दत्ताराम रिगर होता. क्रेन जे पाइप आणि टाक्या उचलते त्यांना साखळदंड बांधायचे आणि क्रेन चालवणाऱ्याला खालून खुणा करायच्या, हे त्याचं काम. यंत्रांच्या आवाजात बोललेलं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून सगळं हातांनी. तर्जनी आकाशाकडे करून मनगटाने छोटी वर्तुळं काढली की हुक वर. हात आडवा करून तळवा जमिनीकडे केला की थांब. वर केबिनमध्ये कतीफचा अली बसलेला असायचा. तो म्हणायचा की दत्ताच्या बोटाकडे बघत मी डोळे मिटूनसुद्धा क्रेन चालवीन. हे कसं जमणार ते त्यालाच ठाऊक, पण म्हणायचा तो मनापासून.

हा दत्ताराम वेंगुर्ल्याकडचा. गावी असताना दशावतारी कंपनीत होता. आधी साडी नेसून राण्या केल्या, मिशी राठ झाल्यावर राजे केले आणि शेवटी संकासूर. काळा अंगरखा, तोंडाबाहेर लोंबणारी लाल जीभ, आणि अख्ख्या जत्रेला हसवत शेवटी मार खाणारा तो राक्षस. मी इचलकरंजीकडचा, त्याच्या भाषेत घाटी. दशावतार म्हणजे काय हे मला त्यानेच सांगितलं, आणि सांगताना माझ्या अज्ञानाची पुरेशी कीव केली. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कंपनीचा मालक खेळाच्या आधी, नट तोंडाला रंग लावत असताना, गोष्ट सांगतो. कोण कुणाचा मुलगा, कुणाचं काय हरवलंय, शेवटी कोण जिंकतं. पुढचं सगळं संभाषण नटांनी उभ्याउभ्या रचायचं.

"आणि नाही सुचलं तर?" मी विचारलं होतं.

"तर समोरचो सांभाळता," तो म्हणाला. "नायतर समोरचो कित्याक असता?"

तिथे अर्थात हे सगळं बंद. आपले देव रंगवून लोकांपुढे आणायची त्या देशात सोय नव्हती, आणि देवांशिवाय दशावतार उभा राहत नाही. दत्तारामाने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. पोटासाठी आलोय, तर आलोय. पण मेसच्या रांगेत उभा असताना त्याचे ओठ हलत असायचे. मी एकदा कान देऊन ऐकलं, तर स्वारी एका राजाचं आणि त्याच्या सावत्र आईचं भांडण एकटीच लावत होती.

मग कंपनीने करमणुकीच्या खोलीत रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणून ठेवला. ते दिवस पैशाच्या पुराचे होते. वाळूत आज खड्डा दिसला की दोन महिन्यांनी तिथे इमारत दिसायची, तेव्हा कामगारांना एक व्हिडिओ काही विशेष नव्हता. कॅसेट मात्र मिळेल ती. कोरियन लोकांची, फिलिपिनो लोकांची, कुणाच्या गाडीत सापडलेली. एका शुक्रवारी असाच एक कोरियन सिनेमा लागला. त्यात एक बाई दारात उभी राहून नवऱ्याला बराच वेळ काहीतरी ऐकवत होती. कुणाला काही कळेना. मागून दत्तारामाचा बाईचा आवाज आला, "इलात? या! आयशीकडे जेवन इलात काय, काय हयच जेवतलात?" खोलीत जे हसू फुटलं ते बाहेर पहारेकऱ्याने ऐकलं आणि तोही आत येऊन बसला.

तेव्हापासून शुक्रवारची दुपार दत्तारामाची झाली. टीव्हीचा आवाज बंद आणि दत्ताराम चालू. मराठी लोक असतील तर मालवणीत, बाकीचे असतील तर हिंदीत. मल्याळी, बिहारी, पाकिस्तानी, सगळे चटईवर बसून ऐकायचे. म्हातारा, पोरगी, कुत्रा, जहाजाचा भोंगा, सगळं तोच. अट एकच. कॅसेट आणणाऱ्याने आधी थोडक्यात गोष्ट सांगायची. त्याबाबतीत तो मालकाच्या शिकवणीला चिकटून होता. त्या अटीला तो एकदाच चुकला, आणि त्या एका चुकीमुळेच मी आज त्याच्याबद्दल लिहायला बसलो आहे.

कॅम्पाजवळच्या रहिमा गावात हारून सीनींचं मंतूचं दुकान होतं. सीनी म्हणजे चिनी. मंतू म्हणजे उकडीच्या मोदकासारखंच दिसणारं, फक्त आत खोबऱ्याऐवजी खिमा. आमच्या कोकणी मंडळींनी पहिल्यांदा तो पदार्थ पाहिला तेव्हा कुणी घाबरून हात मागे घेतला होता, आणि नंतर त्याच माणसाने सर्वात जास्त खाल्ले. हारूनचाचा चिनी मुसलमान. कोवळ्या वयात वडिलांबरोबर हजला आले, मागे देशात लढाया पेटल्या, परतीची वाट बंद झाली आणि ते इथलेच झाले. मक्केत एका हिंदुस्थानी खानावळीत वाढल्यामुळे त्यांना मोडकंतोडकं हिंदी येत असे. बायको त्यांच्याच मुलखातली होती, ती वारली. मुलगा कंपनीच्या ऑफिसात, अरबी आणि इंग्रजी बोलणारा. नातवंडं तर पुरती इथली. म्हणजे त्यांची स्वतःची भाषा ज्याच्याशी बोलावी असं माणूस त्यांना उरलं नव्हतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, म्हातारा मुळातच कमी बोलतो.

चीनमधून आता पुन्हा हाजी यायला लागले होते. त्यांच्याबरोबर हारूनचाचांच्या पुतण्याने एक कॅसेट पाठवली. हा पुतण्या तिकडे मोठ्या शहरात कार्टूनच्या गोष्टी लिहायचा. सरकारी फिल्म-कारखान्यातली नोकरी, पण काम हे. त्याची नवी फिल्म कुणा हाँगकाँगच्या नातेवाइकाने कॅसेटवर उतरवून दिली होती. हारूनचाचांनी घरी ती मोठ्या हौसेने लावली. नातवंडं थोडा वेळ बसली आणि उठली. त्यांना टीव्हीवरचे अरबी बोलणारे यंत्रमानव हवे होते, तलवारीतून वीज सोडणारे. थोरली हलिमा जाताजाता म्हणाली, "जद्दी, हे लोक विचित्र चालतात." जद्दी म्हणजे आजोबा.

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. आधी कळलं ते इतकंच, की एका शुक्रवारी हारूनचाचा दुकान बंद करून, पांढरा धुवट सदरा घालून आमच्या कॅम्पात आले आणि त्यांनी दत्तारामाच्या हातात कॅसेट ठेवली. दुकानात येणाऱ्या लोकांकडून त्यांनी दत्तारामाची कीर्ती ऐकली होती. खोली गच्च भरली होती, लोक ओरडत होते, आणि त्यात कुणीतरी कॅसेट मशिनात सरकवलीसुद्धा. हारूनचाचा काहीतरी सांगायला पुढे झाले. दत्तारामाने त्यांना हाताला धरून सर्वात पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, "बैठो चाचा, देखो मजा." गोष्ट विचारलीच नाही. कीर्तीने माणूस बहकतो तो असा.

पडद्यावर कोरडं गाव आलं, भेगा पडलेली नदी, आणि हातात वाडगा घेतलेली एक मुलगी. मुलगी विहिरीत डोकावली आणि आतून ते वर आलं. सापासारखं लांब अंग, मोठे वटारलेले डोळे, मिशा, आणि तोंडभर दात. ड्रॅगन.

आता कोकणातल्या दशावतारी माणसाने वटारलेले डोळे आणि दात पाहिले की त्याला दुसरं काय दिसणार? दत्तारामाने नरड्यातून संकासूर काढला. किती दिवसांचा कोंडलेला होता कोण जाणे! "गो बाये, पाऊस होयो? मगे आधी बांगड्याचा तिखला घेवन ये! उपाशी पोटान माका पाऊस पाडूक जमना नाय!" मराठी लोक चटईवर लोळायला लागले. मग त्याने हिंदीत सुरू केलं. ड्रॅगन ढेकर देतो, ड्रॅगन मिशा विंचरतो, ड्रॅगन कफीलकडे, म्हणजे सौदी मालकाकडे, सुट्टी मागतो. शेवटी शेवटी तो ड्रॅगन आकाशात गेला, पाऊस पडायला लागला आणि ड्रॅगन वाळत वाळत जमिनीवर आडवा झाला, तेव्हा दत्ताराम ओरडला, "मर गया साला! खलास!" लोकांनी टाळ्यांनी खोली डोक्यावर घेतली. मीही वाजवल्या.

हारूनचाचा उठले. त्यांनी कॅसेट मागितली. दत्तारामाने ती हसत हसत दिली आणि मग त्याला म्हाताऱ्याचा चेहरा दिसला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कॅसेट सदऱ्याच्या बाहीने पुसली, "शुक्रन, दत्ता," असे आभार मानले आणि उन्हात चालत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी साइटवर अली क्रेनमधून उतरून माझ्याकडे आला. म्हणाला, दत्ता आजारी आहे का? खुणा ठीक करतोय, पण आज त्याचे ओठ हलत नाहीत. संध्याकाळी दत्ताराम माझ्या स्टोअरच्या दारात येऊन उभा राहिला.

"केरू, माझा चुकला रे," तो म्हणाला. "खेळ लावच्या आधी गोष्ट इचारूची, ह्या माका शिकवलेला सगळ्यात पयला. आणि मी इचारूक नाय. चल माझ्यावांगडा."

मी म्हणालो, मी कशाला? माफी तुला मागायची आहे. पण गेलो. त्याच्याबरोबर कुठेही जायला माणूस तयार व्हायचा, हे त्याच्यातलं मला कधी न सुटलेलं कोडं आहे.

दुकानात हारूनचाचांनी आमच्यापुढे मंतूची ताटली ठेवली आणि गल्ल्याशी जाऊन बसले. दत्ताराम त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याने माफीबिफी मागितली नाही. म्हणाला, "चाचा, कल मैंने पूछा नहीं. आज पूछता है. वो कौन है?"

म्हाताऱ्याने गल्ल्याचा खण लावून घेतला. मग त्यांनी गोष्ट सांगितली. चिन्यांचा ड्रॅगन राक्षस नसतो. तो पाण्याचा धनी, पाऊस देणारा. पण वरून हुकूम आलेला असतो की या गावाला पाऊस द्यायचा नाही. विहिरीतला ड्रॅगन मुलीची तहान बघतो आणि हुकूम मोडतो. ढग आणायला बंदी, म्हणून स्वतःच्या अंगातलं पाणी तो पावसासारखं ओततो. वाळतो, आणि त्याचा डोंगर होतो.

"वो पहाड मेरे घर के पीछे है," हारूनचाचा म्हणाले. "सच्चा पहाड. भतीजे ने वही बनाया. मैं छोटा था, उसके ऊपर बकरी लेके जाता था." मग म्हणाले, "कल सब हँसा. ठीक है. लेकिन मेरे घर का बच्चा तो हँसा भी नहीं. उठ के चला गया."

आणि मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. पुतण्याच्या कारखान्यात आता वरून सांगणं होतं की परदेशात खपतील अशा गोष्टी लिहा. परदेशी कार्टूनसारखी पळापळ, परदेशी कार्टूनसारखी तोंडं. पुतण्याने हट्टाने ही एक गोष्ट आपल्या तऱ्हेने लिहिली. आपल्या नाटकातली चाल, आपले ढोल, आपल्या गावची बोली. आणि काकांना निरोप धाडला की तिकडे आपली जी मुलं आहेत, ज्यांनी हा डोंगर पाहिला नाही, त्यांना ही आपली वाटते का तेवढं कळवा. आपल्याच मुलांना वाटली नाही, तर मी हट्ट सोडतो. पुढच्या हजला येणाऱ्यांबरोबर उत्तर जायचं होतं. म्हाताऱ्याकडे खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं सांगायचं धाडस नव्हतं.

दत्ताराम म्हणाला, "ईद को मैं आएगा. बच्चा लोग के वास्ते करेगा. अरबी में."

मला ठसका लागला. त्याचं अरबी मला माहीत होतं. यल्ला, खलास, आणि साखळदंड मागायला लागतात तेवढे शब्द. बाहेर आल्यावर मी त्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "शिकान घेतंय." जसं काही अरबी म्हणजे सुतळीचा तोडा, स्टोअरमधून सही करून न्यायचा.

पण शिकला. जेवणाच्या सुट्टीत अली वर केबिनमध्ये डबा खायचा, तो खाली येऊन खायला लागला. पाऊस म्हणजे मतर, ड्रॅगन म्हणजे तिन्नीन, भिऊ नकोस कसं म्हणायचं, तहान कशी लागते. दत्ताराम एकेक शब्द तोंडात घोळवत लोखंडाच्या ढिगाऱ्यांमधून हिंडायचा. शब्द थोडे मिळाले. खेळ तेवढ्यातच बसवायचा म्हणाला. राजा कमी बोलला तर जास्त राजा वाटतो.

संध्याकाळी आम्ही हारूनचाचांच्या दुकानात. मागच्या खोलीत टीव्ही होता. दोघं फिल्म थांबवून थांबवून बघायचे. एका जागी मुलगी गावातून डोंगराकडे निघते. ती ताठ मानेने, लहान पावलं टाकत एक गोल फेरी घेते आणि पोचते. हलिमा ज्याला विचित्र म्हणाली होती ती हीच चाल. हारूनचाचा म्हणाले, आमच्या नाटकात असंच असतं. एक फेरी मारली की मोठा प्रवास झाला असं समजायचं. दत्ताराम उडालाच. "माझ्या देवा! चाचा, हमारे में भी! राजा एक गोल मारता है, जंगल खतम!" आणि त्याने ती मंतूच्या दुकानात मारून दाखवली, हातात नसलेली तलवार धरून. मग म्हाताऱ्याने मारून दाखवली, हातात नसलेला चाबूक धरून. गिऱ्हाईक दारात उभं होतं, ते तसंच परत गेलं.

पण सगळंच काही असं जुळलं नाही, आणि दत्तारामाची खरी कमाल मला तिथे दिसली. ड्रॅगनचा आवाज त्याला सापडेना. वाक्य चांगलं सुरू व्हायचं आणि मध्येच संकासूर बाहेर यायचा. "आमच्याकडे येवढे दात असले म्हणजे तो मार खावकच इलेलो असता," तो वैतागून म्हणायचा. मी सुचवलं, मग आपल्या एखाद्या देवाचा आवाज दे, लोकांच्या लक्षात थोडंच येणार आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मंतू खायला लागलो. "तो त्यांचो असा, केरू," तो म्हणाला. "त्येका माझे कपडे कित्याक घालू? एकदा घातले, तेवढा पुरे."

म्हणून त्याने हारूनचाचांना विचारलं, तुमच्या घरी ही गोष्ट कोण सांगायचं? आजी. ती ड्रॅगनचं बोलणं कसं बोलायची? म्हाताऱ्याने आधी आढेवेढे घेतले, मग डोळे मिटले आणि चिनीत दोनचार वाक्यं म्हटली. खालच्या पट्टीत, सावकाश, तापलेल्या मुलाला झोपवतात तसं. दत्ताराम ऐकत राहिला. फिल्ममध्ये शेवटी ड्रॅगन डोंगर होता होता मुलीला एकच वाक्य बोलतो. ते काय, असं त्याने विचारलं. हारूनचाचा म्हणाले, "बोलता है, प्यास लगे तो आवाज देना."

ते वाक्य दत्तारामाने अरबीत बसवायचा फार प्रयत्न केला. अलीने शब्द दिले, ते बरोबर होते. तरी रोज म्हणून बघायचा आणि मान हलवायचा. ईदच्या आदल्या दिवशी मी विचारलं, जमलं का? म्हणाला, "बघूया."

ईदला दुपारच्या जेवणानंतर आम्ही हारूनचाचांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलाने आम्हाला नीट वागवलं, खजूर दिले, कॉफी दिली, पण हे दोन हिंदी कामगार वडिलांनी कशासाठी बोलावलेत ते त्याला समजलेलं नव्हतं. बैठकीच्या खोलीत नातवंडं आणि शेजारची दोन मुलं नवे कपडे घालून गाद्यांवर बसली. आतल्या दाराच्या पडद्यामागे घरातल्या बायका. हलिमा पुढे बसली, आणि आपण हे पाहिलेलं आहे आणि आपल्याला ते आवडलेलं नाही हे चेहऱ्यावर ठेवून बसली. हारूनचाचा खिडकीशी. दत्तारामापेक्षा मला त्यांचीच जास्त काळजी वाटत होती. आज ही मुलं उठून गेली असती तर त्यांना काय उत्तर धाडावं लागणार होतं ते मला माहीत होतं.

दत्तारामाने टीव्हीचा आवाज बंद केला. ढोल तेवढे त्याने तोंडाने धरले आणि कॉफीच्या तबकावर बोटांनी वाजवले. पहिल्याच अरबी वाक्याला मुलं फिदीफिदी हसली. कुणी त्याची नक्कल केली. तो थांबला नाही. मुलगी निघाली तेव्हा तो उठून उभा राहिला, आणि खोलीत तिची फेरी त्याने स्वतः मारली. ताठ मान, लहान पावलं. चाळिशीचा, हाताला लोखंडाचे घट्टे पडलेला माणूस, आणि चालत होती ती तहानलेली पोरगी. साडी नेसलेली ती जुनी वर्षं कामाला आली. फेरी पुरी होईपर्यंत हसू थांबलं होतं. विहिरीतून तिन्नीन वर आला तेव्हा शेजारचं धाकटं पोर किंचाळलं, आणि दत्ताराम खालच्या पट्टीत, सावकाश म्हणाला, भिऊ नको. मी पाहिलं, तोंडात संकासुराचा मागमूस नव्हता. त्या आवाजात म्हाताऱ्याची आजी बसली होती.

मुलं पुढे सरकायला लागली. वरून हुकूम आला तेव्हा हलिमा मोठ्याने म्हणाली, "हा अन्याय आहे!" आणि तिच्या बापाने कॉफीचा कप खाली ठेवला. ड्रॅगन वर चढला. दत्ताराम बोटांनी तबकावर पाऊस वाजवत होता. पाऊस कमी होत गेला. ड्रॅगन वाळला, आडवा झाला, त्याच्या अंगावर दगड दिसायला लागले. मुलगी धावत आली. आता ते वाक्य.

दत्ताराम गप्प झाला.

विसरला! पडद्यावर ड्रॅगनचं तोंड उघडलं होतं. मुलं दत्तारामाकडे बघत होती. आणि त्याने हारूनचाचांकडे वळून उजवा हात वर केला, तर्जनी छताकडे केली आणि मनगटाने छोटं वर्तुळ फिरवलं. साइटवरची खूण. हुक वर.

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. अली असता तर लगेच समजला असता. पण हारूनचाचाही समजले. ते उभे राहिले नाहीत. बसल्याजागी, डोळे टीव्हीवर ठेवून, त्यांनी ते वाक्य आपल्या भाषेत म्हटलं, आपल्या आजीसारखं, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज फुटला.

खोलीत एकाही मुलाला त्यातला एक शब्द कळला नसेल. हलिमा टीव्हीकडे बघतच नव्हती. ती आजोबांकडे बघत होती. या माणसाच्या आत असा आवाज आहे हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. ती उठून त्यांच्या गुडघ्याशी जाऊन बसली आणि म्हणाली, "जद्दी, काय म्हणाला तो?"

त्यांनी अरबीत सांगितलं. मग म्हणाले, हा डोंगर माझ्या घराच्या मागे आहे.

"आपल्या घराच्या?" हलिमाने विचारलं.

"हो," ते म्हणाले. "आपल्या."

पडद्यामागे कुणीतरी नाक शिंकरलं. मुलं फिल्म पुन्हा लावा म्हणून ओरडायला लागली. हलिमाने जाऊन टीव्हीचा आवाज मोठा केला आणि दत्तारामाला अगदी नम्रपणे सांगितलं की अम्मू, आता तुम्ही बसा, आता जद्दी सांगतील. अम्मू म्हणजे काका. दत्ताराम बसला. त्याने तबक बाजूला ठेवलं, खजूर खाल्ला आणि परक्या खेळाला आलेल्या माणसासारखा भिंतीला टेकून बघत राहिला. फिल्म पुन्हा पहिल्यापासून चालली. चिनी आवाज चालू, त्यावर म्हाताऱ्याचं अरबी, आणि मधूनच एखादा शब्द त्यांच्या गावचा, जो मुलं लगेच म्हणून बघत होती.

मी नाटकवाली मंडळी पाहिली आहेत. दुसऱ्याच्या तोंडातलं वाक्य ओढून घेणारे पाहिलेत, टाळीसाठी मेल्यावरही उठून बसणारे पाहिलेत. ज्याच्यासाठी इतके दिवस झटावं ते खेळातलं सगळ्यात मोठं वाक्य हातात आलेलं असताना उचलून दुसऱ्याला देणारा नट मी एकच पाहिला. मला त्या क्षणी त्याचा इतका अभिमान वाटला की तो घाटी नाही याचंसुद्धा वाईट वाटलं नाही.

निघताना हारूनचाचा आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला आले. त्यांनी दत्तारामाचा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "भतीजे को क्या बोलूँ?"

"बोलो, बच्चा लोग उठा नहीं," दत्ताराम म्हणाला. "और बोलो, दुसरे का माफिक मत लिखो."

रस्त्याला लागल्यावर मी त्याला विचारलं की अरबी वाक्य विसरलास, का मुद्दाम सोडलंस? तो म्हणाला, "म्हायत होता रे. पण ता माझा नाय होता." एवढंच. रहिमाच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर ईदची दुपार तापलेली होती, आणि माझ्या घशाला कोरड पडली होती.

मागून हाक आली. वळून पाहिलं तर हलिमा फाटकावर चढून उभी होती आणि तोंडाला दोन्ही हात लावून आमच्या दिशेने काहीतरी ओरडत होती. अरबी नव्हतं ते. मला ते शब्द आजही लिहिता येणार नाहीत. पण तिची आजोबांवर बेतलेली ती चाल, तो शेवटी उतरणारा स्वर, आम्ही दोघांनीही ओळखला. तहान लागली तर हाक मार.

दत्तारामाने रस्त्याच्या मधोमध उभं राहून तर्जनी वर केली आणि वर्तुळ फिरवलं. ती आणखी मोठ्याने ओरडली.